५१ टक्के आणि आमचा ड्रायवॉलवाला

गेले दोन आठवडे ऑफिसात माझं एकच काम चाललंय, आमच्या कंत्राटदारांना फोन लावायचा आणि विचारायचं, तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का. पलीकडून बहुतेक वेळा "कसलं?" एवढंच येतं.

आधी सांगते मी करते काय. कॅलिफोर्नियात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी भाड्याची घरं बांधणाऱ्या एका डेव्हलपरकडे अकाउंट्स बघते. अशी घरं नुसत्या भाड्याच्या जिवावर उभी राहत नाहीत, मागे १९८६ पासूनची फेडरल टॅक्स क्रेडिट स्कीम आहे, म्हणजे सरकार रोख देत नाही, करात सूट देतं, ती सूट बँकांसारख्या गुंतवणूकदारांच्या पदरात पडते आणि त्यांच्या पैशातून बिल्डिंग उभी राहते, बदल्यात इकडे ५५ वर्षं भाडं कमी ठेवायचं. क्रेडिट वाटणारी कमिटी स्टेट ट्रेझररच्या हाताखाली. २०२२ ला एबी २८७३ नावाचा कायदा झाला आणि ही क्रेडिट घेणाऱ्यांच्या मागे आणखी एक वार्षिक रिपोर्ट लागला: बायकांच्या, मायनॉरिटीच्या म्हणजे वांशिक अल्पसंख्याकांच्या, अपंग माजी सैनिकांच्या आणि एलजीबीटी लोकांच्या मालकीच्या धंद्यांना तुम्ही किती काम देता आणि ते वाढवायला काय करणार. वीज-गॅसच्या कंपन्या असला हिशोब १९८८ पासून देतायत, आमच्या दारात तो आत्ता आला.

गंमत अशी की हिशोब मागतात, कोटा नाही. १९९६ ला इथल्या मतदारांनीच प्रपोझिशन २०९ पास केलं, सरकारी कंत्राटात वंश किंवा लिंग बघून कुणाला झुकतं माप द्यायचं नाही. त्यामुळे माझ्या मते राज्याच्या हातात एवढंच उरलं, की बाबांनो निदान मोजा तरी. अपंग माजी सैनिकांना ती बंदी लागत नाही, म्हणून राज्याच्या स्वतःच्या कंत्राटांत त्यांच्यासाठी ३ टक्क्यांचं टार्गेट उघड उघड लिहिलेलं असतं. पिंपरीच्या माझ्या मावसभावाला, नटबोल्टचा छोटा कारखाना आहे त्याचा, हे सांगितलं तर तो म्हणाला अगं आमच्याकडे सरळ आकडाच असतो. खरंय, २०१२ च्या आदेशाने केंद्राच्या खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना २५ टक्के खरेदी छोट्या उद्योगांकडून करायची असते, त्यात ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांचे आणि २०१८ पासून ३ टक्के बायकांचे. "पण ताई, बिल वेळेत निघेल याची खात्री कोण देतं ते सांग," हे त्याचं वरून.

असो. आमच्या ऑफिसचा नियम साधा आहे, कागद नाही तर आकडा धरायचा नाही, उद्या कुणी विचारलं तर दाखवायचं काय. कागद म्हणजे ते सर्टिफिकेट, की ५१ टक्के मालकी त्या गटातल्या माणसाची आणि कारभारही त्याच्याच हातात. माजी सैनिकांचा कागद राज्याचं जनरल सर्व्हिसेस खातं देतं, बायकांचा आणि मायनॉरिटीचा वीज-गॅसच्या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या युटिलिटी कमिशनच्या क्लिअरिंगहाऊसकडून, म्हणजे असली सर्टिफिकेट तपासून देणाऱ्या ऑफिसकडून मिळतो. जातीचा दाखला काढून झाल्यावर व्हॅलिडिटीसाठी कॉलेजचं अख्खं वर्ष हेलपाटे घातलेल्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही.

कारभाराची अट का, तेही आपल्याला पाठ आहे. गावात सरपंच बाई आणि खुर्चीत तिचा नवरा, तसंच इथे कागदावर बायको आणि साइटवर बोलतो तो. सर्टिफिकेट देणारे म्हणून विचारतात, चेकवर सही कोणाची, बोली कोण लावतं, माणसं कोण ठेवतं-काढतं.

आता आमच्या यादीची तऱ्हा. आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर काका कोल्हापूरकडचे, भारतीय उपखंडातले म्हणून ते मायनॉरिटीत बसतात, मी मेल टाकला आणि चहा गार व्हायच्या आत पीडीएफ हजर, व्हॅलिड, तारखेसकट. त्यांना घर आहे, दोन गाड्या आहेत, कागद सांभाळायला माणूस आहे. आणि ड्रायवॉल, म्हणजे जिप्सम बोर्डाच्या आतल्या भिंती, करणारा जो आहे, मेक्सिकन, बाप हेच काम करायचा, अकरा माणसं, त्याच्या नावापुढे माझ्या एक्सेलमध्ये शून्य. भिंती त्याच्या, चेक त्याच्या नावाने गेलेत, ते आकडे माझ्याच लेजरमध्ये आहेत आणि रिपोर्टच्या कॉलममध्ये शून्य. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं फिरलं की मॅनेजरला म्हणलं आपण माणसं मोजतोय का पीडीएफ. तो म्हणाला पीडीएफ. निदान खरं बोलला.

मग गुरुवारी पाचनंतर मीच गेले ड्रायवॉलवाल्याच्या ऑफिसात, ऑफिस म्हणजे गॅरेजच्या मागची खोली, फर्स्ट फ्लोअरच्या बोर्डांची पावडर टेबलावर, फाइलींवर, प्रिंटरवर. सर्टिफिकेटचा फॉर्म भरायला त्याची बायको बसली कारण पगार, टॅक्स, इन्शुरन्स, बिलं सगळं तीच बघते, तो फक्त मधेमधे "अमुक साल कुठलं गं" विचारत होता आणि ती न बघता सांगत होती. मायनॉरिटीचा भाग सरळ गेला, दोघंही मेक्सिकन, मिळून शंभर टक्के. खाली बायकांच्या मालकीचा चौकोन आला. तिने टिक करायला पेन टेकवलं आणि मी म्हणलं थांबा, हिस्सा किती? तर पन्नास-पन्नास. लग्नात ठरलं तसं, तो हसून म्हणाला.

पन्नासला तो चौकोन बंद. सगळा धंदा हातावर चालवणारी बाई एका टक्क्याने स्त्री उद्योजक नाही, आणि ते मला तिला तोंडावर सांगावं लागलं.

ती गप्प बसली थोडा वेळ. मग नवऱ्याकडे बघून स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली, त्यातलं मला एवढंच कळलं, उनो पोर सिएन्तो, एक टक्का. त्याने मान खाजवली, वकिलाला विचारतो म्हणाला. तिने फॉर्मचं पुढचं पान काढलं आणि मला विचारलं, वकिलाची फी आपल्या हिशोबात कुठल्या कॉलमला टाकायची असते.