वाशाचा ‘कट्’ आणि चुंबकाचा

आज संध्याकाळी गुहागरच्या घरी पडवीत बसून अतिवाहक, म्हणजे विजेला मुळीच रोध न करणाऱ्या तारांच्या, चुंबकांविषयी वाचत होतो, तोच दिवसभर तापलेल्या कौलांखाली कुठेतरी ‘कट्’ असा आवाज झाला. झोपाळ्यावर सुपारी कातरत बसलेले काका वर न पाहताच म्हणाले, “आढं नव्हे, माजघरावरचा तिसरा वासा.”

मी वाचत होतो तेही नेमके हेच: आवाजावरून तड्याची जागा ओळखणे. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या सूक्ष्म कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात १२३२ द्विध्रुव चुंबक उणे २७१ अंश सेल्सिअसला थंड ठेवलेले असतात. अशा चुंबकांत प्रचंड बलाखाली एखादी तार किंचित सरकली, किंवा काही प्रकारांत तारांभोवती भरलेले इपॉक्सी (घट्ट झालेली राळ) तडकले, तर तेवढ्याशा उष्णतेनेही तो भाग अतिवाहकता गमावू शकतो. यालाच क्वेंच म्हणतात. ही तडकण्याची कुजबुज चुंबकावर बसवलेले पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे कंपनांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे, सेन्सर ऐकतात, आणि वेगवेगळ्या सेन्सरांपर्यंत ती पोहोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरकावरून तिची जागा काढता येते. उच्च तापमानाच्या (म्हणजे तुलनेने कमी थंडीतही चालणाऱ्या) अतिवाहकांत तापलेला भाग फार सावकाश पसरत असल्याने एरवी क्वेंच ओळखायला ज्यावर नजर ठेवतात त्या व्होल्टेजवरून धोका उशिरा कळतो. तेथे चुंबकातून मुद्दाम ध्वनिस्पंद पाठवून त्यांच्यात पडणारा फरक तपासतात. मला तर ही युक्ती अधिक देखणी वाटते.

नंतर बॅटरी घेऊन माजघरात पाहिले. ताजी चीर चौथ्या वाशाला होती. काकांपाशी सेन्सर दोनच, आणि तेही एकाच डोक्याला.