अँटेना, मास्क आणि नंबरप्लेट

‘जुनं कोल्हापूर, सन १९२०’ असं लिहिलेला फोटो व्हॉट्सॲपवर पडला की खाली ‘नाद खुळा’ची रांग लागते. पुराभिलेखात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर मात्र आधी घरांच्या छपरांवर जाते. महाद्वार रोडच्या एखाद्या माडीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना दिसला की १९२० तिथंच निकालात निघालं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याआधी कोल्हापुरात कोण कशाला असल्या काड्या वर चढवेल? जाळीची मोठी तबकडी असेल तर केबलचा जमाना, म्हणजे १९९२ च्या आसपास किंवा पुढं. खिडकीशेजारी तिरकी बसवलेली छोटी तबकडी डीटीएचची, ती २००३ च्या आधी नाही. मालिकांचं काय ते असो, पण टीव्हीच्या या अडगळीचे आम्हा दप्तरवाल्यांवर उपकार आहेत.

छपरावरून खाली रस्त्यावर उतरावं. गाडीच्या पाटीवर ‘एमएच ०९’ असेल तर फोटो १९८९ च्या अलीकडचा. त्याआधी जिल्ह्याचा आकडाच नव्हता, तीन अक्षरं आणि नंबर एवढंच. पत्त्यात ४१६ नं सुरू होणारा पिनकोड दिसला तर पुन्हा १९७२ आडवं येतं, कारण पिनकोड त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला. दुकानाच्या बोर्डावरचा सहा आकडी फोन मात्र हमखास फसवतो. लँडलाइनच्या नंबरांपुढं दोनचा आकडा जोडला गेला तो २००२-०३ च्या सुमारास, आणि ०२३१ च्या पुढचा नंबर सात आकडी झाला. म्हणून सहा आकडी बोर्डाचा फोटो त्याआधीचा, असं लोक धरून चालतात. पण आपल्याकडं रंगवलेला बोर्ड कोण बदलतो? दुकान मुलाकडून नातवाकडं जातं, बोर्ड तोच. बोर्डावरून तो कधी रंगवला एवढंच कळतं. नव्या वस्तूवरून ‘याच्या आधी नाही’ हे ठामपणे म्हणता येतं. जुन्या वस्तूवरून ‘याच्या नंतर नाही’ म्हणायला जीभ आवरावी.

हा किस काढण्याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी केशवराव भोसले नाट्यगृह आठवावं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाली. अशी वास्तू पूर्वीसारखी उभी करायची तर ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी, हे आधी ठरवावं लागतं. मूळचं कोणतं आणि मागाहून बसवलेलं कोणतं, हे तारीख लिहिलेला साधा स्नेहसंमेलनाचा फोटोही सांगून जातो. बिनतारखेचा सुंदर फोटो तिथं फारसा कामाचा नाही.

सगळ्यात घोळ पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की, ४३ ची धोका पातळी यायच्या आतच जुने व्हिडिओ फिरायला लागतात. २०१९ चा महापूर ऑगस्टच्या सुरुवातीचा, २०२१ चा जुलैअखेरचा. दोन्ही वेळा महामार्ग पाण्यात, दोन्हीकडं बोटी, त्याच गल्ल्या. ओळखायचं कसं? चेहरे बघा. २०२१ मध्ये बोटीतल्या माणसाला मास्क असतो, मग तो हनुवटीवर का असेना. वाहिन्या जुनं दृश्य दाखवताना कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘संग्रहित’ लिहितात; कुणीतरी टीव्हीचा पडदा मोबाईलवर शूट करतं, कोपरा कापला जातो आणि जुना पूर ताजा होतो. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात, त्या किरणोत्सवाच्या व्हिडिओत तर असा पुरावाही सापडत नाही. नोव्हेंबरची किरणं आणि जानेवारीअखेरची किरणं गाभाऱ्यात सारखीच दिसतात. तिथं पाठवणाऱ्यालाच तारीख विचारावी.

फाइलच्या नावातल्या तारखेवर विसंबू नये. आठ आकडे आणि मागं ‘डब्ल्यूए’ असं नाव असेल तर ती तारीख फोटो व्हॉट्सॲपवरून आल्याची, काढल्याची नव्हे. काढल्याची नोंद मूळ फाइलच्या पोटात असते, आणि नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की ती गळून पडते, शिवाय चित्रही दाबून लहान होतं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर दोन्ही शाबूत राहतात. नव्वदीतल्या प्रिंटवरच्या नारिंगी तारखेचंही तसंच: कॅमेऱ्यातली बॅटरी बदलल्यावर घड्याळ लावलं नसेल तर लग्न दहा वर्षं मागं जातं.

अलीकडं कृत्रिम बुद्धिमत्तेनं जुने फोटो रंगवून ‘स्वच्छ’ करायचं खूळ आलंय. फेट्याचा रंग यंत्र अंदाजानं भरतं, त्याबद्दल एकवेळ भांडत नाही. पण धूसर बोर्ड स्पष्ट करताना ते कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं लिहून ठेवतं. नंबरप्लेटची तीच गत. म्हणजे ज्यावरून साल काढायचं तेच पुसलं जातं. रंगवा बापडे, पण मूळ स्कॅन वेगळा ठेवा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरतं, आणि मागची बाजूही स्कॅन करावी; स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो.

मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, फोटो सपाट टेबलावर पालथा ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. नंतरच्या प्लास्टिकसारख्या गुळगुळीत रंगीत प्रिंटवर पेन्सिल उठत नाही. तिथं कागदाच्या पाकिटावर लिहावं, आणि फोटो आत ठेवण्याआधी. लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून नावं उतरवून घेताना मागची रांग आधी, डावीकडून उजवीकडं. ‘काकी’ असं लिहू नये, पूर्ण नाव लिहावं, कारण काकी कुणाची हे नातवाला कळणार नाही. ओळख पटली नाही तिथं प्रश्नचिन्ह, आणि खाली सांगणाऱ्याचं नाव.