गुहागरहून परतताना जिप्सीचं मागचं डिफरन्शियल गेलं

गुहागरला निघायच्या दोन आठवडे आधीपासून आमची 1998 ची जिप्सी पन्नासच्या पुढे गेली की मागून घुमायला लागायची. चाकाचं बेअरिंग असेल, आल्यावर बघू, असं म्हणून मी निघालो. ते चुकलंच माझं. चाकाचं बेअरिंग वळणावर, अंगावर भार आला की आवाज बदलतं. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला-सोडला की सूर बदलत असेल तर संशय पिनियनवर घ्यायचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या (मागच्या दोन्ही चाकांना इंजिनचा जोर वाटणाऱ्या पेटीतल्या) छोट्या दातेरी चाकावर. माझ्या गाडीचा सूर तसाच बदलत होता.

परतताना चिपळूण, पोफळी करत कुंभार्ली घाट चढलो. वरच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये खाली टक्कन काहीतरी तुटलं आणि मग चाकाच्या फेऱ्याबरोबर टक्‌टक्‌ सुरू झाली. घाटमाथ्यावर सपाट जागा बघून गाडी थांबवली. वाकून पाहिलं तर पिनियनच्या सीलभोवती (तेल अडवणाऱ्या कडीभोवती) तेलात कालवलेल्या धुळीचा जाड थर. म्हणजे गळती कित्येक महिन्यांची होती.

तिथून गाडी फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर आणली. आधी चारही चाकांना दगड लावले, कारण मागचा प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शियलपर्यंत जोर नेणारा लांब दांडा) सुटला की हँडब्रेकवर आणि गिअरवर विसंबता येत नाही. मागची चाकं एकेक करून जॅकवर उचलून हाताने फिरवली. ती अडकत नव्हती म्हणूनच पुढचं सगळं केलं. फिरवताना अडकलं तर गाडी चालवू नका, सरळ उचलून न्या. तुटका दात मध्ये अडकून चाक जाम झालं तर घाटात काय होईल ते सांगायला नको. जिप्सीचा हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) काढला की चाकही सुटतं, त्यामुळे तो काढून चालवण्याचा मार्ग नाही. मग दोन्ही टोकांच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकत्यांवर) खुणा करून प्रोपेलर शाफ्टचे चार-चार बोल्ट सोडले, पुढचे हब लॉक केले, म्हणजे पुढची चाकं त्यांच्या शाफ्टला जोडली, आणि फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या वेगवान गिअरमध्ये) टाकून वीस-पंचवीसच्या वेगाने हेळवाक, कोयनानगर करत पाटण गाठलं. मागचा शाफ्टच नसल्यामुळे डांबरावर फोर-हाय चालवूनही ताण येत नाही.

पाटणच्या मिस्त्रींनी ऑइल कापलेल्या डब्यात काढलं. त्यात बोट फिरवून उन्हात धरलं तर बोट चंदेरी झालेलं. तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा पिनियनच्या दाताचा तुकडा. "साहेब, हा आधी किती दिवस ओरडत होता?" मी खरं ते सांगितलं.

क्राऊन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन जोडीनेच घासून तयार होतात, त्यामुळे एकटा पिनियन बदलायचा प्रश्नच नव्हता. नवी जोडी बसवायची तर शिम (पातळ चकत्या) लावून अंतर जुळवणं आलं, आणि ते येणारा हात प्रत्येक गॅरेजात नसतो. आम्ही जुन्या गाडीतलं अख्खं सेट केलेलं असेंब्ली (क्राऊन-पिनियनचा जुळवलेला संच) पुण्याहून मागवलं. रात्रभर लॉजवर राहिलो.

असं असेंब्ली घेणार असाल तर पैसे देण्याआधी दात मोजून घ्या. क्राऊनला 41 आणि पिनियनला 11 असतील तर गुणोत्तर 3.73. पुढच्या धुरीचं गुणोत्तर तेच हवं. फरक राहिला तर फोर व्हील टाकल्याबरोबर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी पेटी) जाते. 970 सीसीच्या आणि 1298 सीसीच्या गाड्यांमधले भाग वरवर बघून एकच समजू नका. फ्लँजची भोकं आणि हाफ शाफ्टच्या खाचाही जुळवून बघा. फ्लँज हाताने मागे-पुढे हलवा. किंचित खेळ चालतो, खडखडाट चालत नाही.

बसवायला जवळजवळ अख्खा दिवस गेला. ड्रम काढून, ब्रेकची नळी सोडून हाफ शाफ्ट बाहेर ओढायचे, मग हौसिंगचे (बाहेरच्या लोखंडी खोळीचे) नट काढून असेंब्ली पुढच्या बाजूने उतरवायचं. वजन एकट्याला झेपणारं नाही, दोघं लागतात. हौसिंग आतून डिझेलने तीनदा धुऊन घेतलं, कारण जुना चुरा राहिला तर नवीन बेअरिंग तोच खातो. सील तिन्ही नवी. ब्रीदरची नळी (हौसिंगमध्ये हवा जाऊ-येऊ देणारी) मातीने पूर्ण बंद होती. गरम हौसिंग ओढ्याच्या पाण्यात गार झालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दर पावसाळ्याआधी ती नळी फुंकून बघा. शेवटी ब्रेकची हवा काढायला विसरू नका.

ऑइल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतोय का ते पाहा. तो गंजून बसला असेल तर रिकामं हौसिंग घेऊन अडकाल. मागे साधारण दीड लिटर 80डब्ल्यू-90, जीएल-5 गिअर ऑइल लागतं. भोकातून ओघळेपर्यंत भरायचं, तेही सांध्याला लावलेलं सीलंट वाळल्यावर.

पाटणहून निघालो तेव्हा खिडक्या बंद करून, कान मागे लावून चालवत होतो. आवाज नव्हता. 500 किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदललं. राखाडी गाळ थोडा निघाला, तुकडा एकही नाही.