बारा वर्षांची वॉरंटी आणि रंगाखालचे फोड

“जुनी स्पोर्ट्स कार बघतोय. कंपनीची बारा वर्षांची गंजाची वॉरंटी अजून शिल्लक आहे. मग दाराला आलेल्या दोन फोडांचं एवढं काय?” इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळात कर्जं फिटलेला प्रत्येक जण मला हे विचारतो, कारण अॅल्युमिनियमच्या बॉडीची, दोन सीटची एक सेकंडहँड गाडी माझ्याकडे आहे. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: त्या फोडांवर ती वॉरंटी बहुतेक चालणार नाही.

ही वॉरंटी सहसा पत्रा आतून गंजून आरपार भोक पडलं तरच लागू होते. रंगाची वॉरंटी वेगळी, बहुधा तीनेक वर्षांची. दोन्हींची मोजणी पहिल्या नोंदणीपासून होते, तुम्ही गाडी घेतलीत त्या दिवसापासून नाही. आणि अॅल्युमिनियमला भोक पडायची वाट बघत बसलात तर आधी मुदत संपेल.

अॅल्युमिनियम लालसर गंजत नाही. भिंतीला लोणा धरावा तशी रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि रंग उचलला जातो. स्टीलचा स्क्रू, बिजागरी, आरशाचं बूड, असं जिथे दुसरा धातू टेकतो आणि मिठाचं पाणी साचतं, तिथे दोन धातूंत बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. रत्नागिरीत खारा वारा फुकट येतो. इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून कौन्सिल (आपली नगरपालिका) लॉरीने रस्त्यावर मीठ टाकते.

पोलादी गाड्यांचं दुखणं वेगळं, आणि त्यावरचा इलाजही जुना. पोर्शनं 1976 च्या मॉडेलपासून 911 या आपल्या स्पोर्ट्स कारसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला आणि गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. ‘आरपार गंज’ हे माप अशा पत्र्याला शोभतं. अॅल्युमिनियमच्या फोडाला ते लावणं म्हणजे, माझ्या मते, हमी देऊन हात वर करणं.

माझ्या गाडीचे फोड दाखवले तेव्हा डीलरचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: “दगड उडून टवका गेलाय, हा बाहेरचा मार आहे.” फोड बिजागरीपासून सुरू झाले होते, तिथे दगड पोचतच नाही. तसे जवळून फोटो काढले आणि दर वर्षीच्या बॉडी तपासणीचे शिक्के जोडून थेट कंपनीला लिहिलं. वॉरंटी नाकारलीच, पण ‘गुडविल’ म्हणून, म्हणजे बांधील नसताना राजीखुशीने, खर्चाचा मोठा वाटा त्यांनी उचलला. हा शब्द तुम्ही आपणहून काढायचा, ते काढत नाहीत. एका वर्षाचा जरी शिक्का नसता तरी बोलणं तिथेच संपलं असतं. आधीच्या मालकाचे उपकार!

काम कसं करणार हेही विचारा. नुसता फोड घासून वर रंग मारला तर तो परत येतो. धातू उघडा करून भुकटी पूर्ण काढायची, इपॉक्सी प्रायमर द्यायचा आणि स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घालायचा.

कायद्याचं थोडक्यात. डीलरकडून घेतलीत तर 2015 चा ग्राहक हक्क कायदा आहे: पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो आधीपासूनच होता असं धरलं जातं, नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. पण गाडीचं वय आणि किंमत बघितली जाते, आणि विक्रीआधी दाखवून दिलेल्या दोषावर मागून भांडता येत नाही. किमतीतला काही भाग क्रेडिट कार्डाने भरलात आणि गाडी 30,000 पौंडांपर्यंतची असेल तर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. खाजगी माणसाकडून घेतलीत तर हे जवळपास सगळं विसरा. त्याने खोटं वर्णन केलं असेल तरच काही हाताला लागेल.

म्हणून जाताना रंगाची जाडी मोजायचं गेज न्या. चुंबकावर चालणारं स्वस्तातलं नको, ते अॅल्युमिनियमवर आकडाच दाखवत नाही. मूळ रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. एकाच दारावर 300 च्या पुढे गेला तर तिथे पुन्हा रंगकाम झालंय. ते कुणी केलं त्याची पावती मागा, कारण कंपनीने मान्य केलेल्या वर्कशॉपबाहेर झालं असेल तर त्या दारापुरती वॉरंटी गेलीच समजा. आणि विकणारा गेज लावू देत नसेल तर चहाला थांबू नका.