नागपूरच्या बर्डीहून वडशाला, नाटकांच्या मागे

नागपुरात नाटक-गाणं पाहायचं असेल तर आधी महिना विचारावा लागतो. मुंबई-पुण्याला शनिवार-रविवार आला की पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं अख्खं पान भरलेलं असतं. आपल्याकडे तसं नाही. नेपथ्याचा टेम्पो आणि कलाकारांची बस मुंबईहून एवढ्या लांब येणार, मधे मुक्काम, जेवणखाण. एकट्या नागपूरसाठी कोणता निर्माता निघेल? अकोला, अमरावती, नागपूर, जमलं तर चंद्रपूर असा दौरा लागला तरच नाटक इकडे येतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण सुरू झाल्यापासून प्रवासाचे तास कमी झाले, पण डिझेल आणि टोल आहेतच. म्हणून मागच्या पावसाळ्यात ठरवलं की इकडे काय येतं याची वाट पाहत बसायचं नाही. जिथे लागेल तिथे आपण जायचं, वर्षभर.

सुरुवात वसंतराव देशपांडे स्मृती समारोहापासून केली. ३० जुलै हा वसंतरावांचा स्मृतिदिन. त्याच्या आगेमागे सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्याच नावाच्या सभागृहात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र हा समारोह भरवतं. वसंतराव जन्मले मूर्तिजापूरला, पण गाण्याचे धडे त्यांनी नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे गिरवले. ज्या नाटकानं त्यांचा खाँसाहेब घराघरांत पोहोचवला ते ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ सालचं, आणि ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच, रंजन कला मंदिराचे मास्तर. हे सगळं ठाऊक असलेली माणसं त्या सभागृहात अजून येतात. बाहेर पाऊस कोसळत होता, आत मियाँ मल्हार सुरू होता, आणि माझ्या पुढच्या रांगेतले दोन म्हातारे प्रत्येक समेला एकमेकांकडे बघून मान हलवत होते. तसे श्रोते बाजूला असले की गाणं मला जास्त कळतं.

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये उघडलं, दोन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं. मोठ्या मैफलीला, वाद्यवृंदाला ते उत्तम. नाटकाला मात्र मला ते फार मोठं वाटतं. मागच्या रांगेतून नटाचे डोळे दिसत नाहीत, आणि डोळे दिसले नाहीत तर मी निम्मंच नाटक पाहिलेलं असतं. खासदार सांस्कृतिक महोत्सवाच्या मैदानावर तर सगळं पडद्यावरच पाहावं लागतं. तिथली गर्दी बघण्यासारखी असते, अख्खे मोहल्लेच्या मोहल्ले पोराबाळांसकट येतात, पण मी तिथे गाण्यापेक्षा माणसंच जास्त पाहिली.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेले. पुस्तकांच्या दुकानांमधून फिरताना एका मंडपात भीमगीतं चालली होती. गाणारी बाई चाळिशीची असेल, पेटी आणि ढोलकी, एवढाच सरंजाम. पण आवाज असा की रस्त्यावरून चाललेली माणसं थांबून राहिली. तिथे तिकीट नाही, रांग नाही. समोर बसलेल्या बायांना गाण्याची प्रत्येक ओळ पाठ होती.

नोव्हेंबर लागला की लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहाकडे पाय वळवायचे. राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची प्राथमिक फेरी मी तिथेच पाहत आले आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही हौशी नाटकांची स्पर्धा. संघात बँकेतले कर्मचारी, शिक्षक, वीज मंडळातले लोक, कॉलेजची पोरं असतात. दिवसभर नोकरी करायची, रात्री कुणाच्या गच्चीवर किंवा शाळेच्या वर्गात तालीम करायची, असे दोन-तीन महिने काढायचे, आणि सगळं एका संध्याकाळसाठी. त्याच दिवशी नेपथ्य उभारायचं, प्रकाश लावायचा, नाटक संपलं की रात्रीच सगळं उतरवून रंगमंच मोकळा करून द्यायचा. अंतिम फेरीत गेले तर पुन्हा एकदा, नाही तर बहुतेकांचा तो पहिला आणि शेवटचा प्रयोग.

इतक्या कष्टांचं नाटक आणि समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, हे पाहून मला दरवेळी वाईट वाटतं. तिकीट एका चहा-समोशाच्या आसपास असतं. सगळीच नाटकं चांगली नसतात. काहींत भाषणं फार, काहींत धूर आणि लाल दिवा फार. पण एका संध्याकाळी कापूस पिकवणाऱ्या घरातली एक सून पाहिली. नवरा गेलेला, सावकार दारात, आणि ती सासऱ्याला सांगते, ‘बुवाजी, तुमी काई बोलू नोका, मी बोलतो त्याच्याशी.’ बाई वऱ्हाडीत ‘मी बोलतो’ म्हणते तसंच तिनं म्हटलं, आणि सभागृहात कोणी हसलं नाही. मध्यांतरात बाहेर येऊन मी उगाच आठ रस्ता चौकापर्यंत चालत गेले. आपल्या बोलीत एवढं दुःख रंगमंचावर बोललं गेलेलं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहतांनी बसवलं, त्यात धरणगावच्या देशपांड्यांचं घर असंच आपल्या भाषेत बोलतं. ती वाट तेव्हाच मोकळी झाली होती, तरी त्या वाटेनं येणारी नाटकं आजही थोडीच दिसतात.

थोडीच, असं मी म्हणते ते नागपुरापुरतं. कारण जानेवारीत आत्याकडे ब्रह्मपुरीजवळच्या गावी गेले आणि झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, नाटक पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिलं.

नागपूरहून एसटीनं उमरेड, मग मिरचीचं भिवापूर, मग नागभीड. कापूस मागे पडत जातो आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. धान निघून घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा आणि वेळ असतो. म्हणूनच दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात नाटकांचा हंगाम चालतो. गावात मंडई म्हणजे जत्रा, किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की रात्री नाटक ठरलेलंच. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, लग्नाच्या गोष्टीही त्याच दोन दिवसांत निघतात.

आत्यानं दारातच बजावलं, ‘जेवून घे अन् झोप थोडी. रातभर बसा लागते माय.’

नाटक सुरू झालं तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. शेतात कापडाचा मंडप, खुर्चीचं तिकीट वेगळं, खाली बसायचं वेगळं. आम्ही खाली बसलो, पोतं अंथरून, अंगावर चादरी. रंगमंचाच्या पुढ्यात वादक: ऑर्गन, तबला, ढोलक, ऑक्टोपॅड. ध्वनिमुद्रित काहीच नाही. दार वाजलं, पाऊस पडला, छातीत धडधडलं, सगळं ते तिघं-चौघं तिथल्या तिथे वाजवतात आणि नटाच्या तोंडाकडे बघून वाजवतात. विंगेत प्रॉम्प्टर. गोष्ट दोन भावांच्या शेतीच्या वाटणीची आणि हिस्सा मागणाऱ्या बहिणीची. मधूनच लावणी, मधूनच विनोदी जोडी, आणि दोनच्या सुमारास थोरल्या भावाचं एक गाणं असं रंगलं की ‘वन्स मोर’ आला, तो मिळाला, पुन्हा आला. शहरी नजरेला हे सगळं ढोबळ वाटेल. मलाही पहिला तास वाटलं. पण खलनायकानं बहिणीला घराबाहेर काढलं तेव्हा माझ्या बाजूची म्हातारी उठून उभी राहिली आणि त्याला मोठ्यानं म्हणाली, ‘तुले मायबाप नाई का बे?’ तो नट क्षणभर थांबला, तिच्याकडे वळून मान खाली घातली आणि मग पुढचं वाक्य घेतलं. मला तो नट फार मोठा वाटला.

पहाटे चार वाजता मंडपात एक पोरगंसुद्धा उठून गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्येभावाच्या गाडीवर वडशाला गेलो. वैनगंगेचा पूल ओलांडला की गाव लागतं. सरकारी कागदावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. इथल्या बाजारात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, दुकानाच्या गाळ्यात असावीत तशी. बाहेर नटांच्या चेहऱ्यांची भलीमोठी पोस्टरं, आत टेबलावर तारखांची वही. गावोगावची मंडळं येतात, नाटक निवडतात, तारीख पक्की करून बयाणा देतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. वडशात त्यांचं नाव घेताना लोकांचा आवाज बदलतो हे मी स्वतः ऐकलं.

मार्चमध्ये मुंबईला एका मराठी विनोदी कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून बसायला मिळालं. दुरांतोनं रात्री निघाले, सकाळी मुंबईत. स्टुडिओत मोबाइल बाहेर ठेवून घेतात. आत एसीची थंडी. आधी एक जण येऊन टाळ्या कशा वाजवायच्या ते सांगतो, मग आमचे हसणारे, चकित झालेले चेहरे वेगळे टिपून घेतले. घरी वीस मिनिटांत संपणारं प्रहसन इथे दोन तास चालतं; एक वाक्य अडकलं की पुन्हा, दिव्याची जागा चुकली की पुन्हा. तिसऱ्यांदा तोच विनोद त्याच ताजेपणानं करणाऱ्या नटांबद्दल माझा आदर वाढला. हे सोपं काम नाही.

पण एक गोष्ट मनात घेऊन परतले. एका प्रहसनात वऱ्हाडी बोलणारं पात्र होतं. त्यानं नुसतं ‘काऊन बे’ म्हटलं आणि हशा पिकला. विनोद अजून यायचा होता. नट गुणी होता, लेखनही वाईट नव्हतं. फक्त माझ्या डोळ्यांसमोर ती मंडपातली म्हातारी होती, तिचं ‘नाई का बे’ होतं. ज्या बोलीत आमच्याकडे बहीण हिस्सा मागते, सून सावकाराला अडवते, ती ऐकताच लोकांनी हसायचं ठरवलेलं असावं, हे मला मान्य होत नाही. त्यावर रागावून उपाय नाही. त्या बोलीतली गंभीर नाटकं नागपुरात लागली पाहिजेत, मुंबईपर्यंत गेली पाहिजेत, आणि ती लागतात तेव्हा आपण खुर्च्या भरल्या पाहिजेत.

येत्या हंगामात कुणाला झाडीपट्टीत यायचं असेल तर दिवाळीनंतर वडशाला जाऊन पोस्टरं वाचा, कोणत्या गावी कधी नाटक आहे ते तिथेच कळतं. जाडजूड चादर घ्या, कानटोपी घ्या. खुर्चीचं तिकीट काढू नका, खाली वादकांच्या जवळ बसा. आणि परतीची गाडी सकाळी नऊनंतरचीच धरा, कारण नाटक सुटल्यावर कुणी ना कुणी चहाला घरी नेतंच.