हिट, हीट आणि एक बल्ली

मे महिन्यातली दुपार. कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि वकीलसाहेबांचा फोन. "मॅडम, तुमच्या भाषांतरात त्यानं मारलंय. मुळात मारलंय का?"

मराठी कागदपत्रं इंग्रजीत करून देणं हे माझं काम. राज्यघटनेच्या 348व्या कलमामुळे हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, म्हणून नागपूर खंडपीठापुढे जाणारे जबाब आधी माझ्यासारख्यांच्या टेबलावर येतात. हे प्रकरण इतवारीतल्या दोन हमालांचं. बाचाबाची झाली, एकाचं डोकं फुटलं, पोलिसात तक्रार झाली. पुढे दोघांचं जमलं आणि गुन्हा रद्द करून घ्यायला दोघं मिळूनच वकिलाकडे आले.

जबाब काढून पाहिला. "तो वळला तेव्हा खांद्यावरची बल्ली माझ्या डोक्याला लागली." मी इंग्रजीत काय लिहिलं होतं? 'ही हिट मी ऑन द हेड विथ अ पोल.' घाम उन्हाचा नव्हता.

वकीलसाहेब म्हणाले, "तो हिट काढा आधी." मी काढायला बसले, पण शब्दकोश उघडला आणि तिथेच अडकले. (ही माझी जुनी खोड. पैसे पानावर मिळतात, वेळ शब्दावर जातो.) हिट हा शब्द इंग्रजीत आला उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून. तिथे 'हिट्टा' म्हणजे गाठ पडणं, समोर येणं. मारणं नव्हेच! मारण्यासाठी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता, त्याचाच पुढे 'स्ले' झाला, म्हणजे ठार करणं. स्वीडिश लोक आजही 'हिट्टा' म्हणतात ते सापडण्याला.

आणि आपलं लागणं? बल्ली लागते, ठेच लागते, तसा शोधही लागतो, पत्ताही लागतो. हिट आणि लागणं एकाच चालीचे निघाले. नागपुरात तर लूसुद्धा लागते. इंग्रजीत मात्र तोच सनस्ट्रोक, आणि स्ट्रोक हा स्ट्राइकचा सख्खा नातेवाईक, म्हणजे सूर्याने हाणलेला फटकाच. आपणही पक्षाघात म्हणताना आघात करतोच म्हणा.

म्हणजे हिट बिचारा निर्दोष होता. गुन्हा केला होता 'ही'ने आणि 'विथ'ने. माणूस कर्ता झाला, बल्ली हत्यार झाली, आणि नुसत्या लागण्यात हेतू शिरला. मराठीत मारली आणि लागली ही क्रियापदंच वेगळी, त्यामुळे साक्षीदार तिथल्या तिथे सांगून मोकळा होतो. इंग्रजीत तेच काम कर्त्याकडून करून घ्यावं लागतं. मी माणूस उचलला आणि बल्लीला कर्ता केलं: 'द पोल हिट माय हेड.' हिट तसाच ठेवला.

नवीन प्रत घेऊन सिव्हिल लाइन्सला गेले तेव्हा दोघंही झाडाखाली बसले होते. ज्याचं डोकं फुटलं होतं त्याला मी मुद्दाम विचारलं.

"त्यानं मारली नाई जी," तो म्हणाला. "लागली. याले वळाचं ध्यानच नाई राहत."

दुसऱ्याने मान खाली घातली. वकीलसाहेब प्रत वाचत होते. 'हिट'वर पेन थांबलं.

"हा अजून आहेच?"

"राहू द्या साहेब," मी म्हटलं. "तो तपासून घेतलाय."