हर्वी बेचं ठरलं एकदाचं!

आज सुट्टी, त्यामुळे सकाळपासून मी आणि आई ब्रिस्बेनच्या ताईशी व्हिडिओ कॉलवर, ऑस्ट्रेलियातल्या हर्वी बे खाडीत हंपबॅक देवमासे बघायला कधी जायचं ते ठरवत होतो. तिकडच्या थंडीत हे अंटार्क्टिकाकडून क्वीन्सलँडच्या गरम पाण्यात येतात, पिल्लं तिथेच होतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला परत निघताना आया पिल्लांना घेऊन या खाडीत थांबतात, दूध पाजून पाजून पिल्लाच्या अंगावर चरबी चढवायची, पण स्वतः मात्र एवढे महिने जवळजवळ उपाशीच. हे ऐकून आमची आई किती वेळ काही बोललीच नाही.

एक बोटवाला "एकदम जवळ नेतो" म्हणत होता, ताईला म्हटलं त्याला सरळ नाही सांग. तिथे १०० मीटरच्या आत बोट न्यायची नाही, ३०० मीटरपासूनच स्पीड कमी करायचा, आणि देवमासा स्वतःहून जवळ आला तर इंजिन न्यूट्रलला. पिल्लू बरोबर असेल तर अजून लांब, आणि ते बरोबरच आहे, दमलेल्या बाळंतिणीच्या मागे बोट का पळवायची?

बडोद्यातलं कोणी जाऊन आलं असेल तर नियम पाळणारी बोट सांगा ना, आईला बोट लागते त्यामुळे मोठी असली तर बरं.